डाव्या कंट्रोलरचं बटण

आदिल्सनला जगातली प्रत्येक नवी वस्तू बाजारात यायच्या आधी कळायची, निदान तो तसं सांगायचा. कॅम्पिनास शहरातल्या घराच्या मागच्या खोलीत कॅमेऱ्यासमोर बसून तो येऊ घातलेल्या, डोळ्यांवर चढवायच्या व्हीआर हेडसेटच्या आणि गेम कंट्रोलरच्या अफवा पसरवायचा, आणि हजारो रिकामटेकडी माणसं त्या कान टवकारून ऐकायची. त्याची मेव्हणी इव्होनेत हिला या धंद्याची मनापासून किळस होती.

तिचं दुर्दैव असं की ती नोकरीला होती नेमकी अशी यंत्रं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत. ब्राझीलमध्ये विकायचं कुठलंही बिनतारी यंत्र आधी अशा ठिकाणी तपासून घ्यावं लागतं. एका नव्या हेडसेटची तपासणी इव्होनेतकडे आली होती. त्याचे दोन हातांत धरायचे दोन कंट्रोलर मात्र शेजारच्या खोलीत, बंद दाराआड. या खोलीतल्याने त्या खोलीत डोकावायचं नाही, असा तिथला कडक नियम. कंपनीने अजून जगाला काही दाखवलेलं नव्हतं, आणि इव्होनेत नियमाबाहेर पाऊल टाकणारी नव्हती.

रविवारी सगळे आदिल्सनच्या अंगणात जमायचे. निखाऱ्यांवर मांस भाजता भाजता तो तिला भंडावून सोडायचा.

"मेव्हणीबाई, मूग गिळून काय बसलात? बोला की काहीतरी!"

"दाजी, मला सुखाने घास गिळू द्या."

"बघा, एवढी मोठी नोकरी आणि ठाऊक काही नाही! फरशी पुसायला ठेवलंय की काय तुम्हाला तिथं?"

सगळे हसले. आदिल्सनची बायको, इव्होनेतची सख्खी बहीण दिर्सीसुद्धा हसली. इव्होनेतचं डोकं सणकलं.

"ऐका तर मग. डाव्या कंट्रोलरला उजव्यापेक्षा एक बटण कमी आहे. झालं समाधान?"

ही थाप तिला त्या क्षणी सुचली होती. असली लंगडी जोडी कुठला शहाणा बनवेल? हा मूर्ख ते जगाला सांगणार आणि तोंडावर आपटणार, एवढाच तिचा हिशेब. त्या दिवशी ती चार घास जास्तच जेवली.

आदिल्सनने दुसऱ्याच दिवशी मीठमसाला लावून ते सांगून टाकलं. गुरुवारी साहेबांनी इव्होनेतला बोलावून घेतलं. समोरच्या पडद्यावर दाजींचं थोबाड होतं.

"हे तुमच्या नात्यातले आहेत असं कळलं. कोण लागतात?"

"बहिणीचा नवरा."

"बटणाचं त्या खोलीबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. तुम्हाला कुणी सांगितलं? नाव द्या, तुमची नोकरी राहील."

म्हणजे बटण खरोखरच कमी होतं!

"साहेब, ती थाप होती. मीच मारलेली."

"इतक्या वर्षांत तुमचा एक आकडा खोटा निघाला नाही, आणि थाप मारलीत ती नेमकी खरी? मला काय दुधखुळा समजता?" साहेब कुत्सित हसले. "संध्याकाळपर्यंत नाव द्या. नाहीतर त्या माणसाला कॅमेऱ्यासमोर सांगायला लावा की सगळं खोटं होतं. दोन्हींतलं काहीच झालं नाही, तर नोकरी गेली समजा."

शेजारच्या खोलीत तिची मैत्रीण मार्लूसिया काम करायची. नाव द्यायचं तर तिचंच, काही दोष नसताना, द्यावं लागलं असतं. ते इव्होनेतला जमणार नव्हतं; तिने थेट बहिणीचं घर गाठलं.

आदिल्सनचं थेट प्रक्षेपण चालू होतं. तिला पाहून त्याने माइकवर हात ठेवला.

"दाजी, त्या बटणाचं खोटं आहे असं सांगून टाका. मी चिडून थाप मारली होती."

"त्यासाठी एवढ्या धावत आलात?"

"तुम्ही सांगितलं नाहीत तर आज माझी नोकरी जाते हो!"

आदिल्सनच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरायला लागलं, आणि आपण काय बोलून बसलो ते इव्होनेतच्या ध्यानात आलं.

"थापेपायी कुणी कुणाला कामावरून काढतं होय?" तो म्हणाला.

"दिर्सी, अगं तू तरी सांग ना यांना!"

दिर्सी दारात उभी होती. ती खाली बघत म्हणाली, "इव्हो, तुला लहानपणापासून थाप मारता येत नाही."

आदिल्सनने माइकवरचा हात काढला.

"मित्रांनो, बटणाची बातमी पक्की झाली," तो म्हणाला, आणि त्याने कॅमेरा इव्होनेतकडे वळवला.