नाडीची गाठ

“पोट आत घे, आई,” समृद्धी म्हणाली आणि तिने माझ्या परकराची नाडी खेचून गाठ मारली. “घट्ट झाली का?”

“झाली तर झाली.”

“इलॅस्टिक घालून घे ना गं. किती वेळा सांगू? एखाद दिवशी मी लवकर गेले तर काय करशील?”

“शेजारणीला हाक मारीन.”

“हट्टी आहेस तू.”

आहेच. माझी मुलगी कल्याणला एका लॅबमध्ये कामाला आहे. साडेसातला निघते आणि निघायच्या आधी रोज माझ्या परकराची नाडी बांधून जाते, कारण माझ्या उजव्या हाताची मधली तीन बोटं आता नावापुरती आहेत. ती वळत नाहीत आणि त्यांना काही कळत नाही. इलॅस्टिकने प्रश्न सुटला असता हे मलाही समजत होतं. पण रोज सकाळी ती वाकून गाठ मारायला लागली की मला सुश्रुत आठवायचा, आणि तो मला आठवायला हवा होता. राग शिळा होऊ नये म्हणून मी तो रोज ताजा करून घेत होते.

सुश्रुत म्हणजे आमच्या शहाडच्या कारखान्याचा धाकटा मालक. ठाण्याला नौपाड्यात राहतो. मी तिथे एकोणीस वर्षं नाडीच्या पिशव्या केल्या. हॉस्पिटलचे मळके कपडे, हॉटेलांचा कचरा, असल्या गोष्टी भरून तोंड आवळून टाकायच्या प्लास्टिकच्या पिशव्या. परकराचीच तऱ्हा. तोंडाशी दुमडून नेफा करायचा, त्यात प्लास्टिकची नाडी सोडायची, आणि दोन्ही कडांवर मशीनची गरम पट्टी धपकन खाली येऊन नाडीसकट सगळं चिकटवून टाकते.

हे मशीन नवं आलं तेव्हा त्याच्याबरोबर आलेले इंजिनिअर आठ दिवस मुक्काम ठोकून होते. पिशवी उचलली की नेमकी नाडीच्या शेजारी फाटायची. उष्णता वाढवली तर प्लास्टिक जळायचं, कमी केली तर कच्चं राहायचं. आयुष्यात परकर न शिवलेल्या माणसांनी बनवलेलं मशीन ते. नाडीपाशी थर जास्त. पट्टी त्या उंचवट्यावर टेकते आणि शेजारचा भाग तसाच राहतो, हे त्यांच्या डोक्यात शिरत नव्हतं. मी घरून कुकरची जुनी रिंग आणली, दोन बोटं लांबीचा तुकडा कापला आणि पट्टीच्या खालच्या गादीत, कापडाच्या आत, बरोबर नाडीच्या जागी सरकवला. आता नाडी त्या मऊ रबरात दबायची आणि पट्टी सगळीकडे सारखी बसायची. त्या दिवसापासून पिशवी फाटली नाही.

“काय केलंत हो, शालनबाई?” मोठे मालक विश्रामभाऊ, म्हणजे सुश्रुतचे वडील, हसत म्हणाले होते. मी सांगणार तेवढ्यात तेच पुढे म्हणाले, “बाईंचा हात लागला आणि मशीन सुधारलं!” सगळे हसले. मग मीही राहू दिलं. पुढे कुणी विचारलं नाही. दर सहा महिन्यांनी, पट्टी साफ करताना, मी नवा तुकडा घालत राहिले. विश्रामभाऊंनी तेव्हाच नेम घालून दिला की खंडेनवमीला या मशीनची पूजा शालनबाईंच्या हातची.

विश्रामभाऊ थकले आणि सुश्रुत गादीवर बसला. लहानपणी तो सुट्टीत कारखान्यात यायचा तेव्हा मी त्याला माझ्या डब्यातली थालीपीठं खायला घातली आहेत. गेल्या मे महिन्यात प्लास्टिक सारखं अडकत होतं. ते सोडवायला पट्टीसमोरची जाळी उघडली की मशीन आपोआप थांबायचं. ती सोय हातांसाठी होती. सुश्रुतला मात्र मशीन थांबलेलं खपत नव्हतं. “दोन दिवस जाळी काढून ठेवा. चालू मशीनमध्येच सोडवा,” तो म्हणाला. तिसऱ्या दिवशी जाळी भिंतीला टेकून उभी होती आणि माझा हात पट्टीखाली होता.

तो हॉस्पिटलमध्ये आला तेव्हा मी गुंगीत होते. “ताई, फक्त फॉर्मॅलिटी आहे,” म्हणाला. उजव्या हाताला बँडेज, म्हणून त्याने शाईचा पॅड काढून माझा डावा अंगठा कागदावर टेकवला. कागदावर लिहिलं होतं, हे मला नंतर कळलं, की मशीन चालू असताना मी स्वतः जाळी काढून निष्काळजीपणाने हात घातला. मी दहावी पास आहे. माझं अक्षर बघून शाळेतल्या बाई माझी वही वर्गात फिरवायच्या. बोटं गेली त्याचं दुःख आहेच, पण त्या अंगठ्याने मला रात्र रात्र जाळलं. खोट्या कागदावर अडाण्यासारखा अंगठा, आणि वर चूक माझी.

यंदाही खंडेनवमीचं बोलावणं आलं. माझ्या जागी आता भावना मशीन चालवते, तीच निरोप घेऊन विठ्ठलवाडीला घरी आली.

“मोठ्या साहेबांनी सांगितलंय, पूजा शालनबाईंच्याच हातची. सर काय बोलले नाय,” ती म्हणाली. मग हळूच म्हणाली, “ताई, दिवाळीनंतर मलापण काढणार म्हणतात. चाळिशीच्या वरच्या बायका नको झाल्यात त्यांना.”

जायचं नाही असंच मी ठरवलं होतं. ती गेल्यावर कुकर लावायला घेतला, झाकणाची रिंग बसवली, आणि हात थांबला. माझ्या घरातली एक वस्तू त्या कारखान्यात राहिली होती.

खंडेनवमीला मशीन बंद आणि थंड असतं. समोर नवी कोरी जाळी चमकत होती. माझी बोटं गेल्यावर लागली ती. मी भावनाला ती उचलायला सांगितली, दरवर्षीसारखी पट्टी पुसली, खालचं कापड जरा वर केलं आणि डाव्या हाताने रबराचा तुकडा ओढून रुमालात घेतला.

भावनाने पाहिलं. “ताई?”

“माझं होतं. घरी नेतेय.”

मग मी मशीनला हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, नारळ भावनाकडून फोडून घेतला. सुश्रुतने मोबाइल काढला. “हसा ना, शालनताई, फोटो काढतोय.” मी हसले. इतक्या मनापासून मी कितीतरी महिन्यांत हसले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याची सुट्टी होती. त्याच्या पुढच्या दिवशी दहाच्या सुमाराला भावनाचा फोन आला.

“ताई, सगळ्या बॅगा फाटतायत! ठाण्याहून ते मोठे गिऱ्हाईक आलेत ना, त्यांनी बॅगेत पाणी भरून नाडीने उचलली. सगळं पाणी त्या मॅडमच्या सँडलवर! सर पागल झालेत.”

मला इतका आनंद झाला की लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. मी स्वतःसाठी चहा केला आणि दोन खारी बुडवून खाल्ल्या.

चहा संपतो न संपतो तोच सुश्रुत स्वतः दारात. गाडी गल्लीच्या तोंडाशी सोडून चालत आला होता, शर्ट पाठीला चिकटला होता.

“ताई, प्लीज चला. लोक केबिनमध्ये बसलेत. तासाभरात मशीन चाललं नाही तर ते जातील, वर्षभराचं काम गेलं. बाबा म्हणाले, शालनबाईंना आणा.”

“माझ्या हाताने होईल का आता?” मी उजवा हात पुढे केला. त्याने दाराच्या चौकटीकडे पाहिलं.

“चला,” मी म्हणाले.

कारखान्यात फरशी ओली होती आणि फाटक्या पिशव्यांचा ढीग पडला होता. चौदाही बायका काम टाकून उभ्या. पाहुणे आत केबिनमध्ये चहा घेत होते. मशीनपाशी खुर्चीत विश्रामभाऊ काठीवर हनुवटी टेकून बसले होते.

“मशीन चालू करून देते,” मी सुश्रुतला म्हणाले. “त्याआधी एक काम आहे. उजवा हात पुढे करा.”

“म्हणजे?”

“भावना, खोक्यांची चिकटपट्टी आण. सरांची मधली तीन बोटं आत वळव आणि गुंडाळून टाक.”

“ताई, वेळ नाहीये आपल्याकडे!”

“माझा हात गेला तेव्हाही तुम्ही घाईतच होता.”

त्याने वडिलांकडे पाहिलं. त्यांची हनुवटी काठीवरच होती. त्याने केबिनच्या काचेकडे पाहिलं आणि हात पुढे केला. भावनाने चिकटपट्टी अशी आवळली की मी न सांगितलेला हिशोबही तिने चुकता केला. मग मी कातरण भरलेली एक पिशवी त्याच्यापुढे ठेवली.

“आवळा आणि गाठ मारा.”

अंगठा आणि करंगळी. त्याने नाडी ओढली, ती निसटली. डाव्या हाताने धरून उजव्या करंगळीभोवती फिरवली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा तो वाकला आणि तोंड पुढे नेलं.

“दात नाही लावायचे,” मी म्हणाले. “परकराची नाडी दातांनी बांधता येत नाही. मी करून पाहिलंय.”

कुणीतरी फिसकन हसलं. त्याचे कान लालबुंद झाले होते. मी डोळे भरून पाहिलं. याच्यासाठी मी पाच महिने जगले होते, खोटं कशाला बोलू?

“शालनबाई, पुरे आता,” विश्रामभाऊ म्हणाले.

“भाऊ, जाळी कोणी काढायला लावली ते विचारा यांना.”

विश्रामभाऊंनी मान वर केली. “तू तर मला सांगितलंस, बाईंनीच काढली म्हणून.”

सुश्रुत पिशवीची नाडी उगाच ओढायला लागला.

“सुश्रुत, मी विचारतोय.”

“मीच काढायला सांगितली होती,” तो म्हणाला. “दोनच दिवस, बाबा.”

विश्रामभाऊंनी डोळे मिटून घेतले. मला वाईट वाटलं ते एवढ्या एकाच माणसाचं.

“हे लिहून द्या,” मी म्हणाले. तो चिकटपट्टी सोलायला लागला. “ती राहू दे. तशीच लिहा.” पेन दोनदा खाली पडलं. “जमत नाही? मग भावना लिहील. तुम्ही अंगठा द्या. डावा.”

भावनाने लिहिलं. अक्षर वाईट, पण मजकूर मी शब्दन् शब्द सांगितला. जाळी माझ्या हुकमावरून काढली होती, शालनबाईंची चूक नव्हती, आधीचा कागद खोटा आहे. चलनांवर शिक्के मारायचा पॅड टेबलावर होता. तो उघडून मुलापुढे धरला खुद्द विश्रामभाऊंनी. सुश्रुतने अंगठा उठवला. खाली साक्षीदार म्हणून त्यांनी आपली सही केली.

“झालं समाधान?” सुश्रुत म्हणाला.

“अर्धं.”

मग मी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, फक्त भावनाला जवळ घेतलं. रुमालातून रिंगचा नवा तुकडा काढला. सकाळीच कापून ठेवला होता. तो कापडाखाली सरकवला, जाळी खाली ओढली आणि भावनाने बटण दाबलं. पट्टी धपकन खाली आली. दहावी पिशवी मी काढून दिली, पाण्याने भरून घेतली आणि त्याच मॅडमच्या हातात नाडी दिली. थेंब पडला नाही.

“तुम्ही नक्की केलंत काय?” गेटपाशी सुश्रुतने विचारलं. हातावर चिकटपट्टीचे वळ होते.

“हात लावला,” मी म्हणाले.

तुकडा सहा महिन्यांत झिजतो हे त्याला ठाऊक नाही. भावनाला मात्र मी कानात सगळं सांगितलं होतं, कोणती रिंग, किती लांब, कुठे ठेवायची. “कुणाला बोलू नकोस,” म्हटलं. “आता तुला काढून दाखवू दे त्याला.”

संध्याकाळी समृद्धीने कागद तीनदा वाचला. शनिवारी वकिलाकडे जायचं ठरलं. मी पोटभर जेवले आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा गाढ झोपले.

सकाळी परकर धरून तिच्यासमोर उभी राहिले. तिने वाकून नाडी हातात घेतली. मी नेहमीसारखा सुश्रुत आठवायला गेले. त्याचे लाल कान, निसटणारी नाडी, निळा अंगठा, सगळं समोर आलं, पण त्यात कालची धग नव्हती. उरलं ते एवढंच की सव्वासात वाजले होते आणि कामावर जायची घाई असलेली माझी मुलगी माझ्या कमरेशी वाकली होती. बोटं होती तशीच होती.

“येताना इलॅस्टिक आण गं,” मी म्हणाले.

ती वर बघायला लागली. “काय झालं?”

“काही नाही. बोटभर रुंदीचं आण.”

ती गेल्यावर मी दोरीवरचा दुसरा परकर काढून मांडीवर घेतला. एका हाताने नेफ्यात नाडी ओवता येत नाही, पण काढता येते. टोक धरून ओढत गेले तशी ती सबंध बाहेर आली. मी तिची गुंडाळी करून कपाटात त्या कागदाशेजारी ठेवली.