जाड झालेली कड

चौदा वर्षं नवऱ्याच्या नडगीवरचं चिघळलेलं इसब रफूवाली रोज स्वतःच धूत आली होती. यंदा जखमेची कड बोटांना जाड लागली, तेव्हा ती हरखली. फाटक्या कापडाची कड घट्ट झाली की भोक सावरतं, हे तिच्या हाताला पाठ होतं. "भरतेय हो," ती चार महिने सांगत राहिली.

आज डॉक्टरीणबाईंनी नेमकी तीच कड दाखवली. "जुनाट जखमेत कधीकधी कॅन्सर होतो. इथूनच सुरू झालाय. कड जाडावली तेव्हाच यायचं होतं."

घरी नवऱ्याने सवयीने पाय तिच्या मांडीवर टाकला. मलम घेतलेलं तिचं बोट कडेशी अडलं.

"तू भरतेय म्हणालीस की दुखणं कमी व्हायचं," तो म्हणाला. "आजही म्हण की."