माडाचं गणगोत

मोठ्या माणसांत मध्येच बोलायची गौरजाची खोड हौसाबाईंना मुळीच खपत नसे. आज तर हौसाबाईंनी माड नि फणस एकाच गोतातले म्हणताच नात पाहुण्यांसमोर म्हणाली, "आज्ये, माड फणसाच्या गोतातलो नाय. तो भाताचो सोयरो!"

"मगे भातासारखो माड पण लावणीक घे!" हौसाबाई म्हणाल्या. सगळे हसले. पोरीचे डोळे भरले.

तिनं तिन्ही रोपं आणून ठेवली. माडाच्या आणि भाताच्या पानांवर सरळ रेघा, मुळांचा झुबका. फणसाच्या पानावर जाळी, खाली एकच सोटमूळ. जन्मभर ही रोपं लावलेल्या हौसाबाईंना मान वर करवेना.

पाहुण्यांदेखतच त्या म्हणाल्या, "तुझा खरा, गो. शिकूक नाय त्याची लाज नाय माका. तुका रडवलंय, त्याची वाटता."