धुराचा वास लागलेला फणस

आवाज जरा कोरडा लागेल, पण त्याला इलाज नाही. मला तीन उन्हं दिली आहेत आणि वर एक दिवस धूर. मी वाळवलेला फणस. फणसपोळी समजू नका. मी कच्च्या, निबर गऱ्यांच्या पट्ट्या. श्रीलंकेत, मावनेल्लाच्या वरच्या डोंगरात, बिसोमेनिकेच्या स्वयंपाकघरातल्या डब्यात मी राहतो.

माझं झाड तिच्या सासऱ्यांनी लावलेलं. खोडावर मिरीचा वेल चढवला आणि झाडाला विसरून गेले. खत नाही, पाणी नाही, फवारणी नाही, तरी दरवर्षी शंभरावर फणस. घरात खायचे, शेजारी मागतील त्यांना द्यायचे. इकडे फणस कुणी मागितला तर नाही म्हणत नाहीत. उरलेले धपाधप खाली पडत. माझे कितीतरी भाऊ तिथेच सडले आणि कुणी हळहळलं नाही. फुकट मिळतं त्याची माणसांना किंमत नसते, हे मी जवळून पाहिलं आहे.

मग बिसोमेनिकेच्या सुनेनं, थुशारीनं, गावातल्या पाच बायका जमवल्या. कोलंबोहून फणस विकत घेणारी एक बाई आली. तिला सगळ्या ‘मिस’ म्हणत.

“परदेशात लोक मांसाऐवजी हे खातात,” मिस म्हणाली.

“मांसाऐवजी?” बिसोमेनिकेनं विचारलं. “का गं, गरीब झाले की काय?”

“गरीब नाही, अम्मा. शहाणे झाले.”

“मग आम्ही जन्मापासून शहाणे, असं म्हण की!” बायका हसून लोळल्या. मिसही हसली, पण अट ठेवून गेली. रंग उजळ हवा, आणि वास कसलाच नको.

या सौद्यावर माझ्या झाडाचा जीव होता. थुशारीचा नवरा नालक दोन नव्या खोल्या बांधत होता. दारं-खिडक्यांना फणसाच्या लाकडासारखं लाकूड नाही. सरकारी परवान्याशिवाय फणसाचं झाड तोडता येत नाही, म्हणून त्यानं अर्ज भरून ठेवला होता. फक्त सही राहिली होती.

“तुझा माल गेला तर लाकूड बाहेरून आणू,” तो थुशारीला म्हणाला. “नाही गेला, तर झाड जाईल. मग रडायचं नाही.”

म्हणून माझी बडदास्त सुरू झाली. हाताला खोबरेल लावून चीक काढला, आठळ्या वेगळ्या केल्या, गरे उभे चिरले. मीठ-हळदीच्या पाण्यात एक उकळी दिली आणि चटईवर पसरलं. कावळे हाकायला थुशारी स्वतः बसायची. इतकं लक्ष माझ्या घराण्यात कुणाकडेच दिलं गेलं नव्हतं.

चौथा दिवस पौर्णिमेचा होता. दर पौर्णिमेला बिसोमेनिके पांढरी साडी नेसून बुद्धविहारात जायची, दिवसभर उपास करून शील पाळायची. चाळीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, “तू जा विहारात. मी कोस राखते.” कोस म्हणजे मी.

थुशारी गेली आणि तासाभरात आभाळ भरून आलं. म्हातारीनं मला उचलून आत नेलं. तिथंच थांबली असती तर पुढचं काही घडलं नसतं. पण माझ्यात ओल राहील, बुरशी येईल, सुनेची मेहनत मातीत जाईल, या काळजीनं तिला बसवेना. तिनं मला चुलीवर टांगलेल्या बांबूच्या माच्यावर पसरलं आणि खाली नारळाची सोडणं पेटवली. तिच्या आईनं, आजीनं असंच केलं होतं. धुरात फणस वर्षभर टिकतो, कीड शिवत नाही. ती दिवसभर डोळे चोळत जाळ सांभाळत राहिली.

संध्याकाळी थुशारी दारातच थबकली.

“अम्मा! हे काय केलंत?”

“काय केलं? खडखडीत वाळवलं. हात लावून बघ.”

“वास नको म्हणाली होती ना मिस!”

“अगं, हा काय वास आहे? ही तर चव आहे.”

थुशारीनं एक पट्टी उचलून हुंगली आणि परत टाकली. मला इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं. म्हातारीला तर आपलं काय चुकलं तेच कळेना.

दुसऱ्या दिवशी मिस आली. पाच बायकांच्या पिशव्या उघडल्या, घेतल्या. माझी उघडली, हुंगली आणि हळूच बाजूला ठेवली.

“तुझ्या आईनं काय वेगळं खाल्लं असेल गं?” बिसोमेनिके तडकली.

“आईनं हेच खाल्लं, अम्मा. मलाही आवडतं. पण ज्यांना पाठवायचं, त्यांची आई वेगळी.”

गाडी गेली. नालकनं पेटीतून अर्ज काढला आणि पेन शोधू लागला.

बिसोमेनिके उठून आत गेली. कोयता घेऊन तिनं माच्याचे दोर कापले. काजळीनं काळाकुट्ट झालेला माचा फरफटत आणून तिनं मुलासमोर टाकला.

“चूक माझी आहे, झाडाची नाही. तोडायचं ते मी तोडलं.”

नालकनं त्यातला एक बांबू उचलून पाहिला. “आता मिरच्या, मासे कुठं वाळवशील?”

“तुझ्या बायकोच्या चटईवर. जागा दिली तर.”

थुशारीला रडू फुटलं. नालकनं अर्ज घडी करून पेटीत ठेवला. “पुढचा एक बहर बघू,” म्हणाला. फाडला नाही, हेही सांगायला हवं.

मला मात्र घरानंच खाल्लं. नारळाच्या दुधात, थोडा थोडा, रोज. आता डब्यात दोन मुठी उरल्या आहेत आणि उद्या सकाळी मला भिजत घालणार आहेत. वाईट वाटून घेऊ नका. खाल्लं जाणं हेच माझं काम. तुमच्याही दारात फणस गळून सडत असतील तर एवढं ऐका. चार उचला, चिरा, उन्हात घाला. झाड उभं राहायला कधी कधी तेवढंच पुरतं.

माझ्या झाडाच्या खोडावर सध्या अंगठ्याएवढे नवे फणस धरले आहेत. आज दुपारी बिसोमेनिके पाट ओढून थुशारीशेजारी बसली. साठ वर्षं ती फणस वाळवत आली आहे. ती म्हणाली, “पहिल्यापासून सांग गं. पाणी किती उकळू द्यायचं?”