निवडलेली माती

आमच्या आबांना स्वच्छतेचं भारी वेड. लहानपणी नखं बघितल्याशिवाय आम्हाला ताटावर बसू देत नसत. त्या वेडानेच घात केला, आणि त्या घातावर सही माझी आहे.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते. आबांच्या मळ्याच्या बांधाला लागून जुन्या बॅटऱ्या फोडायचा कारखाना होता. तो बंद पडला, तरी मळ्यातले मुळे बोटभरच वाढायचे, टोकाला तपकिरी, पानं पिवळी. शेवटी मीच म्हटलं, आबा, नमुना पाठवा. त्यांनी पाठवला. शिसं मर्यादेत निघालं. मी खुशीत सही ठोकली. आबांनी तो अहवाल स्वयंपाकघरात चिकटवला आणि पालक पेरला. पालक खुरटा आला, पण आला. भावाची लेक चिमणी वर्षभर तोच खात होती.

चिमणी आता चार वर्षांची आहे. अजून दोन शब्द जोडून बोलत नाही. परवा तिच्या रक्तात शिसं निघालं. आबांना फोनवर नवा नमुना काढायला सांगितलं आणि मी मिळेल त्या गाडीने घरी पोचले.

आबा अंगणात परात घेऊन बसले होते. परातीत माती. नाकावर चष्मा ओढून, तांदूळ निवडावेत तसे ते काळे खडे वेचून बाजूला टाकत होते. तो काळा चुरा कारखान्याचाच.

"आबा, हे काय चाललंय?"

"नमुना साफ करतोय. मागेही असाच केला होता. घाण तशीच पाठवली असती, तर तुझे साहेब म्हणाले असते, हिच्या बापाला काही रीत नाही."

"अहो आबा, मला ती घाणच तपासायची होती!" मी किंचाळले. त्यांच्यावर की स्वतःवर, देव जाणे. आठ वर्षं मी परक्यांना बजावते आहे, माती निवडू नका म्हणून. घरच्यांना सांगायचं सुचलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

आबांना समजायला वेळ लागला. मग त्यांनी वेचलेले खडे परत परातीत टाकले. चिमणी त्यांच्या गुडघ्याला टेकून बघत होती.

"माती परत मिसळली गं," ते म्हणाले. "हिने खाल्लंय ते कसं निवडू?"

मी एवढी शिकलेली. चिमणीचा हात हातात घेतला आणि तिची नखं बघू लागले.