गोड पाण्याची सोयरीक

जमुनाबाईंच्या माहेरी पत्रिका नंतर पाहतात, आधी पाणी पाहतात. माहेर अकोल्याकडचं, खारपाणपट्ट्यातलं. तिथल्या विहिरींना पाणी आहे, पण तोंडात धरवणार नाही इतकं खारट. म्हणून पोरगी द्यायची ती गोड पाण्याच्या गावात, आणि पोरीचा बाप मुलाच्या घरी गेला की चहाच्या आधी विहिरीचं पाणी मागणार. जमुनाबाईंचे वडील वलगावला आले तेव्हा मुलगा वावरात गेला होता. त्यांनी त्याची वाटही पाहिली नाही. तांब्यावर तांबा पाणी प्यायले, मिशा पुसल्या आणि लग्न पक्कं करून मोकळे झाले. तो मुलगा म्हणजे नत्थुजी, आणि ते हे अजून विसरलेले नाहीत. आल्यागेल्याला सांगतात, "मले कोनं पसंत केलंच नाई बाप्पा. सासऱ्यानं पोरगी इहिरीले देल्ली."

आता त्यांच्या मुलीची, पौर्णिमाची वेळ आली होती. ती अमरावतीला एका रोपवाटिकेत कामाला जायची. तिथल्या फोनवर एक दिवस सागर नावाच्या मुलाने राजस्थानातून विचारलं, की संत्र्याची कलमं वाळूत जगतील का? पौर्णिमाने स्पष्ट सांगितलं, नाही जगणार. तरी त्याचे फोन येतच राहिले, आणि त्यात संत्र्याचा विषय हळूहळू कमी होत गेला. मुलगा मूळचा अकोल्याकडचाच निघाला. त्याचे वडील महादेवराव इथलं खारट वावर विकून, वाळवंटात जिथे कालव्याचं पाणी पोचलं होतं तिथे जमीन घेऊन राहिले होते.

पौर्णिमाने घरात सांगितलं तेव्हा नत्थुजींनी जात, गोत, शिक्षण असं सगळं विचारलं. जमुनाबाईंनी मात्र वाळवंटच धरून ठेवलं. फोन हातात आला की त्या सागरला प्रश्नांनी भंडावून सोडत. वाळू उडून पिकावर बसत नाही का? कालवा कुठून येतो? मधल्या गावांना पाणी पुरून उरतं का? आणि एकदा त्यांनी विचारलं, "तुमी जाच्या आंधी तिथं काय होतं?"

"बाबा म्हनतात, काईच नव्हतं," सागर म्हणाला. मग पुढे बोलला, "पन मावशी, तिथले धनगर म्हनतात का गवत होतं. गुडघ्याएवढं. त्यायच्या मेंढ्या चरत होत्या."

"मंग त्या मेंढ्या आता कुठं जातात?"

"ते मलेबी मालूम नाई."

जमुनाबाईंना हे उत्तर आवडलं. ठाऊक नसलेलं ठाऊक नाही म्हणणारा मुलगा बरा असतो, असं त्यांचं मत होतं. पण पोरीला हजार कोस लांब वाळूत पाठवायचं म्हणजे एवढ्यावर भागणार नव्हतं. लहानपणी डोक्यावर हंडे घेऊन त्या गोड पाण्यासाठी शेजारच्या गावापर्यंत चालल्या होत्या. पौर्णिमाच्या वाट्याला ते येऊ द्यायचं नाही, यावर त्या ठाम होत्या.

थंडीत एका रविवारी महादेवराव आणि सागर मुलगी पाहायला वलगावला आले. महादेवराव उंच, वाळलेले, बोलके गृहस्थ. अंगणातल्या नळावर ते पाय धुवायला गेले ते बराच वेळ आलेच नाहीत. जमुनाबाईंनी खिडकीतून पाहिलं. पाय केव्हाच धुऊन झाले होते. महादेवराव नळाखाली हात धरून नुसते उभे होते. मग तसेच, नळ चालू ठेवून, ओसरीवर आले. जमुनाबाईंनी जाऊन तो बंद केला. त्यांना थोडा राग आला, पण पाहुण्यांना पहिल्याच पावली काय बोलणार?

पोहे झाले, चहा झाला. महादेवरावांनी पिशवीतून ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली काढली आणि मोठ्या थाटात जमुनाबाईंसमोर ठेवली.

"मी खारपानातलाच हाय बाई. पानी चाखल्याबिगर तुमी पोरगी देनार नाई, हे मले मालूम हाय. घ्या, आमच्या गावचं पानी!"

सगळे हसले. जमुनाबाईंनी पदर सावरून घोट घेतला, तोंडात घोळवला आणि गिळला. पाणी गोड होतं. अगदी वलगावच्या विहिरीसारखं.

"झालं! आना साखर," नत्थुजी म्हणाले.

"थांबा जरा," जमुनाबाई म्हणाल्या. "भाऊ, हे पानी कॅनॉलचं हाय ना? ते तं दुरून येते. तुमच्या वावराच्या खालचं पानी कुठं हाय?"

महादेवराव गोंधळले. "वावरात इहीर कायले पायजे? कॅनॉल हाय ना दाराशी."

"बाबानं तं शिकवलं होतं, का मुक्कामाचं पानी चाखावं, पाहुन्याचं नाई."

नत्थुजींनी कपाळाला हात लावला. पौर्णिमा दाराआड उभी होती, तिच्या चेहऱ्याकडे पाहायचं जमुनाबाईंनी टाळलं. वातावरण सावरायला सागरने फोन पुढे केला आणि शेत दाखवलं. पिवळीधमक मोहरी, बोरांची रांग, नवी शाळा, शाळेपुढे झाडं. जमुनाबाई खरोखर हरखल्या. जिथे उंटही दमतो म्हणतात तिथे माणसांनी हे उभं केलं, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. त्यांच्या प्रश्नांना पुन्हा पाय फुटले. सागरही रंगून सांगू लागला.

मग त्याने पायाशी ठेवलेलं रोप उचलून त्यांच्या हातात दिलं. काळ्या पिशवीत, वाळूसारख्या मातीत लावलेलं बोराचं कलम. "तुमच्यासाठी आनलं मावशी. आमच्या वावरातलं."

जमुनाबाईंनी पान उलटून पाहिलं. कडा करपल्या होत्या. अशा कडा त्यांनी वडिलांच्या वावरात पाहिल्या होत्या, वडिलांनी हौसेने विहिरीवर इंजिन बसवलं त्या वर्षी. तेव्हाही आधी सगळं हिरवंगार झालं होतं, मग करपलं होतं. त्यांनी पिशवीतली चिमूटभर माती घेतली आणि जिभेवर ठेवली.

मातीचे कण त्यांनी दातांखाली घोळवले.

"खारट हाय," त्या म्हणाल्या.

महादेवराव एकदम उठले. "कसं शक्य हाय? रोप सागरनं भरलं. कोनती माती भरली रे?"

"कोपऱ्यातली," सागर म्हणाला. मान खाली होती, पण आवाज स्वच्छ होता. "मी जानूनच भरली मावशी. मोहरीच्या मागं एक कोपरा पांढरा पडून राह्यला. फोनवर सांगाचं म्हटलं का जीभ वळत नव्हती. तुमी माती चाखसान, हे पौर्णिमानं सांगितलं होतं."

"पन गोड पान्यानं माती खारट कशी होते?" नत्थुजींनी विचारलं.

"वाळूखाली कडक थर हाय काका. जास्त पानी देल्लं का खाली जात नाई. तिथंच साचते, मंग वर येते, अन् मीठ घेऊन येते. बाजूच्या लोकायचं वावर चांगलं हाय. ते पीक भिजलं का पानी बंद करतात." मग तो बापाकडे न पाहता म्हणाला, "आमच्याकडं ते होत नाई."

"काहून?" जमुनाबाईंनी विचारलं.

सागरने आता बापाकडे पाहिलं. उत्तर महादेवरावांनी दिलं, आणि त्यांचा थाट कुठल्या कुठे गेला होता.

"मी करू देत नाई," ते म्हणाले. "पान्याची आमची पाळी आली का मी बांधावर जाऊन बसतो. गोड पानी वावरात पसरते ते पाह्यत राह्यतो. पोरगा म्हनते, बाबा, झालं आता. पन माह्या हातानं ते बंद नाई होत बाई. माह्या मायनं एका हंड्यासाठी लोकायच्या शिव्या खाल्ल्या. अन् आता ते माह्या पायाखालून वाह्यते. बंद कसं करू? पाप वाटते."

जमुनाबाईंना एकदम भरून आलं. लग्न होऊन त्या या घरात आल्या तेव्हा दिवसातून दोनदा आंघोळ करत, अंगण सकाळ-संध्याकाळ धूत, बादली भरून वाहिली तरी पाहत उभ्या राहत. सासू करवादायची, नवी सून पाण्यापायी येडी झाली म्हणून. तो आनंद त्यांनी कुणालाच समजावून सांगितला नव्हता. आज समोरचा माणूस तोच आनंद सांगत होता, आणि त्याच आनंदाने त्याचं वावर खारट करत होता. 

"मंग वाळवंट हिरवं करावं का नाई करावं?" नत्थुजींनी कुणा एकाला उद्देशून नाही, असा प्रश्न टाकला.

"थोडं करावं काका," सागर म्हणाला. "सगळं नाई. तो कोपरा मी सोडून देतो म्हनतो. चर खोदून पाहीन, नाई तं गवत येऊ देईन. धनगरायलेबी जागा होईन. पन आंधी पानी बंद झालं पायजे."

पौर्णिमा दाराआडून पुढे आली. "बंद मी करीन," ती म्हणाली. "मले तिथं जाचं हाय, आई. सगळं सोपं असतं तं कदाचित नसती गेली."

जमुनाबाईंनी लेकीकडे पाहिलं. नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पण पोरीच्या डोळ्यांत त्यांचाच जुना चौकसपणा दिसत होता, आणि तो अडवायचा कसा हे त्यांना कधीच कळलं नव्हतं. तरी त्यांनी होकार दिला नाही. "पौर्णिमा पानी बंद कराले तयार हाय. पन तुमी तिले करू देसान का, भाऊ?"

 खोटं आश्वासन द्यायची महादेवरावांची तयारी दिसत नव्हती. "हात धुऊन येतो," एवढंच म्हणून ते अंगणात उतरले.

नळ सुरू झाल्याचा आवाज आला. जमुनाबाई ओसरीच्या खांबाला धरून पाहत राहिल्या. महादेवरावांनी हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि नळ तसाच चालू ठेवून परत फिरले. नत्थुजी उठायला लागले, जमुनाबाईंनी त्यांना हाताने खाली बसवलं. महादेवराव पायरीपर्यंत आले. तिथे थबकले. मागे पाणी फरशीवरून नालीकडे धावत होतं.

ते वळले, नळापाशी गेले आणि चावीवर हात ठेवून उभे राहिले. मग हळूहळू त्यांनी ती फिरवली. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. महादेवरावांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले.

"पौर्णिमा," जमुनाबाई म्हणाल्या, "साखर आन."