तोंडी कादंबरी

कादंबरीकाराचा उजवा खांदा आखडला, तेव्हा साहित्याचं पुढे काय होणार ही चिंता घरात फक्त त्यालाच पडली. डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला सांगितला, तर तो छातीच्या वर जाईना. "टायपिंग बंद. लिहायचंच असेल तर फोनला सांगा, तो लिहून घेतो," असं म्हणून त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली.

आतापर्यंत हा माणूस एका वाक्यावर अख्खी सकाळ घालवायचा. टाइप करायचा, खोडायचा, पुन्हा तेच टाइप करायचा. त्याची पात्रं इतकी कमी बोलत की समीक्षक त्याला संयम म्हणत. बायको म्हणे, "घुमी आहेत. तुमच्यावर गेलीत."

फोन हातात आला आणि संयमाचा बांध फुटला. मध्ये न बोलणारा, जांभई न देणारा, उठून गॅस बंद करायला न जाणारा श्रोता त्याला जन्मात मिळाला नव्हता. येरझारा घालत तो सांगत सुटला. नायिका खिडकी उघडायला उठली, ती दोन पानं झाली तरी खिडकीपाशी पोचेना. वाटेत तिला बालपण आठवलं, मग आईचं बालपण. सगळ्या कादंबऱ्यांत हूं की चूं न केलेला त्याचा नायक आता पाणी मागतानाही भाषण ठोकू लागला. 'पूर्णविराम' म्हटलं की फोन कधी टिंब द्यायचा, कधी इमानेइतबारे तो शब्दच लिहायचा. एकदा तर ऐन चुंबनाच्या मधोमध.

एका दुपारी त्याने नायकाला नायिकेची माफी मागायला लावली. टाइप करताना त्याने हा प्रसंग 'तो गप्प राहिला' एवढ्यात उरकला असता. आता तोंडाला चटक लागली होती. आवाज कापरा करून तो म्हणाला, "तुला काय हवंय, हे मी कधी विचारलंच नाही. तू दमलीस, तेही मला दिसलं नाही. चुकलो मी."

पलीकडच्या खोलीत इस्त्री करणारी बायको दारात येऊन उभी राहिली.

"हे आज सुचलं होय तुम्हाला?" ती म्हणाली. "आई गेली, तेव्हा माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता. तुम्ही विचारलंत, प्रुफं कुठे ठेवलीस. मी शोधूनही दिली. तेव्हापासून काही बोलावंसं वाटलं की मी बहिणीला फोन करते." तिचा आवाज जरा उतरला. "असू दे. बरं वाटलं ऐकून."

हे सगळं नायिकेसाठी होतं, असं सांगण्याइतका तो मूर्ख नव्हता. गप्प राहण्याइतका मात्र होता. ती इस्त्रीकडे परत गेली. टेबलावरच्या फोनने तिचा शब्द न् शब्द उतरवून घेतला होता.

ते प्रकरण त्याने जसंच्या तसं संपादिकेला पाठवलं. साहित्यासाठी त्याग करावा लागतो, शक्यतो दुसऱ्याचा.

"पानंच्या पानं व्याख्यान झोडलंय तुम्ही," संपादिका फोनवर म्हणाली. "कात्री लागणार. ती बाई बहिणीला फोन करते म्हणते ना, तिथे मात्र मी थांबले. कसं सुचलं हो?"

"सुचतं कधी कधी," तो विनयाने म्हणाला. फोन स्पीकरवर होता. खांद्यामुळे.

कपाटात कपडे लावणाऱ्या बायकोचे हात थांबले. फोन बंद झाल्यावर ती त्याच्याकडे वळली.

"ते काढा."

"अगं, सगळ्या पुस्तकात तेवढंच तर..."

"तेवढंच माझं आहे. तुमच्या नायिकेने तिचं तिचं बघावं." मग तिने विचारलं, "आणि ती माफी? ती नायिकेसाठीच होती ना?"

"होती," तो म्हणाला.

"वाटलंच मला."

त्याने तिचं बोलणं पुस्तकातून काढलं. मग तिच्यासमोर उभं राहून तो स्वतःचं बोलू लागला. पहिलं वाक्य कर्त्यापाशीच अडलं. दुसऱ्यात 'म्हणजे' तीनदा आलं. मागे जाऊन खोडायची सोय नव्हती. पात्रांनी असं बोलायचं धाडस केलं असतं, तर त्याने त्यांना कादंबरीतून हाकलून दिलं असतं.

तिने पलंगावरचे कपडे बाजूला सारले.

"बसा," ती म्हणाली. "सावकाश बोला. मला घाई नाही."